मामांची बस, लातूरचं कार्ड

मामा, तुम्हाला माती देऊन आज बारा दिवस झाले. गिरणी मी पाचव्या दिवशी सुरू केली. लोक बोलले. बोलू देत. डब्यांची रांग लागली होती आणि गल्लीत दुसरी गिरणी नाही. सासरे गेले म्हणून लोकांनी आठवडाभर पोळ्या खायच्या नाहीत का? तुम्ही असता तर तिसऱ्याच दिवशी म्हणाला असता, "शोभा, गाडी डेपोत किती दिस उभी ठिवती?"

एसटीत किती वर्षं काढलीत, किती लाख किलोमीटर विनाअपघात चालवलीत, हे सगळं तुमच्या डेपोचे लोक गावाकडे, निलंग्याच्या आपल्या शेतात बोलून गेले. आपल्यात बसवून माती देतात. तुम्हाला खड्ड्यात बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली, तेव्हा तुमचा एक जुना कंडक्टर हळूच म्हणाला, "मास्तर सीटवरच गेले." मी रडले नाही. मला वाटलं, बरोबर आहे. आडवं पडलेलं तुम्हाला मी फारसं पाहिलंच नव्हतं.

मला जे लिहायचं आहे ते वेगळं आहे. तुमच्या डोळ्यांचं. मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं का, एवढं एकच मला विचारायचं होतं, आणि रोज समोर चहाचा कप ठेवून मी ते विचारलं नाही.

तुम्ही कोपऱ्यावरच्या पेरूच्या गाड्याला मोपेड धडकवलीत, तिथून हे सुरू झालं. गाडेवाल्याला काही लागलं नाही, पेरू गटारात गेले. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "गाडा मधीच आला गं." मामा, तो गाडा त्या कोपऱ्यावर दहा वर्षांपासून उभा आहे. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एका यंत्रात डोकं घालायला लावून त्यांनी तुम्हाला बटण दाबायला दिलं. उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. तुम्ही मन लावून दाबत होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून कागद दाखवला. कागदावर मधोमध थोडं पांढरं आणि भोवती सगळं काळं. दोन्ही डोळ्यांचं तसंच. काचबिंदू. नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार, म्हणाले. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकून उरलेलं राखायचं. "त्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?" मी म्हणाले, मी सांगते.

आत आले तर तुम्ही विचारलंत, "किती मार्क पडले?"

"पास झालात," मी म्हणाले. "कोरडेपणा आहे, थेंब टाकायचे."

का खोटं बोलले? लोकांना मी तोंडावर सांगते की तुमच्या गव्हात खडे आहेत, निवडून आणा. पण त्याच संध्याकाळी मला तुमच्याकडून मोपेडची किल्ली घ्यायची होती. एका दिवसात दोन गोष्टी काढून घ्यायला माझा हात धजला नाही. म्हटलं आज किल्ली, उद्या डोळे. तो उद्या काही आला नाही.

किल्ली मी माझ्या जुडग्यात अडकवली, कमरेला. लपवली नाही. तुम्ही सतरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जेवायला बसायचात, ताट सरकवायचात, उठायचात. अठराव्या दिवशी भिंतीकडे बघून म्हणालात, "बसू असता तर त्यानं असं केलं नसतं." मी म्हणाले, "बसू असते तर त्यांनीच गाडी विकली असती." बसू, म्हणजे तुमचा मुलगा, माझा नवरा, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत त्यांचं नाव घेऊन आपण भांडलो ते पहिल्यांदा. दोघंही खोटं बोललो बहुतेक. त्यांनी नेमकं काय केलं असतं हे मला खरंच ठाऊक नाही.

दिवाळीला पल्लवी हैदराबादहून आली. नातीला बघून तुम्ही जरा सैल झालात. तिनेच विषय काढला की आजोबा, कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ आहे. कुणा हौशी लोकांनी आपली लाल बस आणि आपल्याकडच्यासारखे रस्ते करून फुकट ठेवलेत. बाबांचा कॉम्प्युटर आहेच.

बाबांचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत झाकून ठेवलेला होता. त्यावर हे लग्नपत्रिका करायचे. सहा वर्षं आपण दोघंही त्या खोलीत जाऊन हवं ते घेऊन परत यायचो, त्या टेबलाकडे न बघता. मी पल्लवीला नाही म्हणणार होते. तुम्हीच म्हणालात, "लाव गं. बसू काय म्हणणार हाय आता."

चालू झाला. खेळ उतरवून घ्यायला रात्र गेली. सकाळी तुम्ही खुर्चीत बसलात आणि बस एकदा हलली, थांबली, हलली, थांबली. "ही बस हाय का उंट?" म्हणालात. पण उठला नाहीत. दोन तास त्या उंटावर बसून राहिलात. मी दारातून बघत होते. किल्ली घेतल्यापासून मी तुमचा चेहरा असा पाहिला नव्हता. तेव्हाच ठरवलं की हे यंत्र मी दुरुस्त करणार.

इथे नांदेडातल्या दुकानात नेलं तर दुकानदार हसला. "काकू, हे तिसऱ्या पिढीचं आहे. संग्रहालयात ठेवा. पन्नास हजारांत नवं देतो." गिरणीत पीठ जाड पडायला लागलं तर कुणी गिरणी फेकून देतं का? दगड झिजून टाकी लावायची वेळ आली का बघायचं, पट्टा सैल आहे का बघायचं, मोटर कमी पडते का बघायचं. नेमकं जे अडलंय तेवढंच बदलायचं. पल्लवीला फोनवर विचारून आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून मी समजून घेतलं. प्रोसेसर जुना असला तरी बस ओढेल. हार्ड डिस्क म्हातारी, तिच्या जागी एसएसडी. रॅम चार जीबी, ती किमान बारा. आणि चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड. कार्ड सगळ्यात महाग, म्हणून शेवटी.

कॅबिनेट आपण दोघांनी उघडलं. मी स्क्रू काढले, तुम्ही वाटीत ठेवलेत. आत बोटभर पीठ होतं, आणि त्या पिठात पत्रिकांवर लावायची सोनेरी चमकी. तळाशी सगळीकडे. मी फडकं घेऊन तशीच बसले. तुम्ही बराच वेळ वाटीतले स्क्रू बोटाने फिरवत राहिलात, मग म्हणालात, "पूस आता."

पुसलं. जुनी रॅम, नवी रॅम, एसएसडी. उंट गेला, बस आली. हरखून तुम्ही मला गिरणीतून ओढत आणलंत. "बघ, थर्ड गिअर कसा पडतो!"

पण मग बस मध्येच मरायला लागली. एक कारण मला लगेच कळलं. गिरणीची मोटर सुरू होताना एकदम वीज ओढते, घरातले दिवे क्षणभर मलूल होतात, आणि कॉम्प्युटर बंद पडतो. यावर तोडगा तुम्ही काढलात. गिरणीच्या दाणे ओतायच्या लोखंडी चाडीवर मी पाना आपटायचा. एकदा आपटला की तुम्ही बस बाजूला घेऊन खेळ जतन करायचा. मोटर सुरू होऊन दिवे सावरले की मी दोनदा आपटायचा, मग तुम्ही सुटायचं. तुम्हाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. उलट मी घाईत एकदा आपटून दोनदा आपटायला विसरले, तर तुम्ही पाऊण तास बाजूला उभे. मी खोलीत डोकावून विचारलं, का थांबलात? "डबल बेल कुठं दिली तू?" गिऱ्हाइकं हसायची. एक आजी तर डबा ठेवायच्या आधी विचारायच्या, "बस गेली का लागायचीय?"

दुसरं कारण मात्र सापडेना. मोटर सुरू होऊन तास झालेला, दिवे नीट, आणि बस लोह्याच्या पुढे मरायची. त्या खेळातल्या गावांना तुम्हीच नावं दिली होती. पहिलं गाव लोहा, मग अहमदपूर, मग चाकूर. मला वाटलं आतला वीजपुरवठ्याचा डबा कमजोर झाला. नवा बसवला. तरी मरायची. तुम्ही म्हणालात, "लोह्याच्या पुढं घाट न्हाई, काय न्हाई, मरती कशी?"

म्हणून फेब्रुवारीत आपण अख्खं कॅबिनेट घेऊन लातूरला गेलो. तुमच्या जुन्या कंडक्टरचा मेहुणा, मुजीबभाई, गोलाईच्या मागच्या गल्लीत जुने सुटे भाग विकतो, त्याच्याकडे. कार्डही तिथेच बघायचं होतं. ड्रायव्हरच्या मागची सीट तुम्ही पकडलीत, कॅबिनेट मांडीवर, फडक्यात गुंडाळलेलं. चढताना तुमचा खांदा दांड्याला लागला, उतरणाऱ्या बाईची पिशवी तुम्हाला दिसली नाही. रस्त्यात तुम्ही डोळे मिटून सांगत होता, आता वळण, आता मोरी, आणि वळण यायचं, मोरी यायची. अहमदपूर गेल्यावर विचारलंत, "डाव्या अंगाला मोठी चिंच हाय. हाय का अजून?"

रस्ता रुंद झालाय. तिथे आता नुसता दुभाजक आणि ढाब्याची पाटी. मी म्हणाले, "आहे."

तुम्ही मान हलवलीत.

मुजीबभाईने फडकं सोडलं, कॅबिनेटकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. "हे प्रवासापुरतं बांधलंय ना, बाई?"

"नाही, घरी पण असतं. पीठ उडतं."

"घरी पण? चालू असताना?"

"चालू असतानाच तर पीठ उडतं."

त्याने कपाळाला हात लावला. "या अल्ला! मास्तर, तुमची सून ह्याचं नाक दाबून म्हणून राहिली, पळ! गरम होऊन बंद पडतंय हे. डब्याला काय झालं न्हवतं."

तुम्ही इतके हसलात की दुकानासमोरून जाणारे थांबले. मी हसले नाही. गिरणीची मोटर मी दर तासाला तळहाताने तपासते, आणि ह्याच्यावर जाड फडकं घालून वर नवा डबा बसवला. पीठ बाहेर ठेवायचं एवढंच डोक्यात. परत येताना तुम्ही पुन्हा पुन्हा "नाक दाबून" म्हणत होता. पण त्याआधी तिथेच दुकानात माझी बाजू पण घेतलीत हं. मुजीबभाईने कार्ड काढलं. चार जीबी, एकच पंखा, वेगळी वायर न मागणारं, लग्नाची व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्याकडून आलेलं. मी ते हातात घेऊन हुंगलं. मोटरची वाइंडिंग जळालेली असेल तर वास लपत नाही.

"हे पयलं गिऱ्हाईक हाय जे कार्ड हुंगतंय," मुजीबभाई म्हणाला.

"हुंगू दे," तुम्ही म्हणालात. "तिनं आजवर एक जळकी मोटर घरात येऊ दिली न्हाई."

तीस वर्षांत तुम्ही माझं कौतुक केलं ते एवढंच. तेही दुसऱ्याला सांगून. मी ते जपून ठेवलंय.

वास नव्हता. कार्ड घेतलं. तो नवा डबा वाया गेला म्हणून मी कुरकुरत होते, तर मुजीबभाई म्हणाला, कार्डासाठी तो घ्यावाच लागला असता, जुन्याने ओढलं नसतं. बरं वाटलं. स्टेअरिंग जुनं मिळालं. ते अर्धाच वेढा फिरायचं, त्यावरून तुम्ही नांदेड येईपर्यंत नाराज होता. "हे स्टेअरिंग हाय का दाराची कडी?"

फडक्याच्या जागी मी गिरणीच्या चाळणीची बारीक जाळी लावली, हवा जाईल आणि पीठ अडेल अशी. मग कार्ड बसवलं. पल्लवीने फोनवरून सांगितलं तसं एकेक खूण करत गेले, सगळं वरच्या दर्जावर. आणि तो रस्ता उघडला! कडेला झाडं, झाडांच्या सावल्या रस्त्यावर सरकणाऱ्या, काचेवर पाऊस, पुसणारे वायपर, समोरून येणारे ट्रक, शेतात ऊस. मी गिरणीवाली बाई, मला खेळाचं काय. पण मी खुर्चीमागे उभी राहून बघत राहिले. तुम्ही आवाज न करता चालवत होता. मी विचारलं, "कसं दिसतंय, मामा?"

"लई भारी दिसतंय."

खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं, फिटलं. किल्ली घेतली होती, तिच्या बदल्यात काहीतरी दिलं. डोळ्यांचं सांगायचं राहिलंय ते तर मी जवळपास विसरलेच. थेंब मात्र दोन्ही वेळचे कधी चुकू दिले नाहीत.

मग उन्हाळा आला. मिरच्या, हळद, मसाले, शेवयांचा रवा. सकाळी सातपासून रांग. खोलीत येऊन तुमच्या मागे उभं राहायला मला कुठला वेळ. भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज यायचा आणि तुमचं "चला, लोहा लोहा लोहा." चार वाजता चहा घेऊन आले की बस थांबलेली असायची आणि पडद्यावर नुसती यादी, पुढे चालू, जतन करा, बाहेर पडा. चहाला गाडी थांबवायची हा तुमचा नियम. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पुढे वर्षाहून जास्त असंच चाललं. तुम्ही गेलात त्या दिवशीही चार वाजता चहा घेऊन आले. खेळ बंद होता, तुम्ही खाटेवर होता. हाक मारली. कप तिथेच खाली ठेवला. बाकीचं लिहीत नाही.

घर आता किती मोठं झालंय म्हणून सांगू. तीनच खोल्या आहेत. मोटर बंद केली की पट्टा थोडा वेळ फडफडतो आणि मग काहीच ऐकू येत नाही. आपण दोघं काही गप्पा मारणारी माणसं नव्हतो. तुम्ही खाकरायचात, मी भांडं ठेवायचे, त्यातून कळायचं की दुसरं माणूस आहे. आता मी भांडं ठेवते तर ते मलाच ऐकू येतं. एका माणसाच्या अंदाजाने कणीक मळायला अजून जमत नाही. रोज दोन पोळ्या उरतात, गायीला घालते.

पल्लवी म्हणाली, "आई, कॉम्प्युटर विकून टाक. एकटी त्या खोलीत जाऊन बसशील." मला पटलं. पडून राहिलेल्या यंत्राला गंज चढतो. मुजीबभाईला फोन केला. त्याने आधी तुमच्यासाठी चार चांगले शब्द काढले, मग म्हणाला, "खेळ चालू करून फोटो पाठवा, सगळं वरच्या दर्जावर ठेवून. गिऱ्हाइकाला कार्ड चांगलं हाय ते दिसलं पायजे."

काल दुपारी बसले. तुमचा खेळ जिथे जतन केला होता तिथून उघडला. आणि मला वाटलं कार्ड गेलं.

झाडं नव्हती. सावल्या नव्हत्या. पाऊस, ऊस, ट्रक, माणसं, काही नाही. करडी जमीन, करडं आभाळ, आणि मधून एक काळा रस्ता, त्यावर पांढरी रेघ. खालचे वेगाचे आकडे बोटाएवढे मोठे. मी मागची जाळी काढून पंखा बघितला, फिरत होता. मग खेळाची सेटिंग उघडली. एकेक ओळ वाचत गेले. झाडी, बंद. सावली, बंद. पाऊस, शून्य. रहदारी, शून्य. आरसे, बंद. अक्षरं, सगळ्यात मोठी. कार्डाला काही झालं नव्हतं. हे कुणीतरी एकेक करून बंद केलं होतं.

पल्लवीला फोन लावला. "आजोबांनी हे कधी केलं?"

ती म्हणाली, "कार्ड बसवलं ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तू मिरच्या कांडत होतीस. फोन करून म्हणाले, पोरी, लई गर्दी झालीया पडद्यावर, ही झाडं कशी काढायची सांग. मी म्हटलं, आजोबा, झाडांसाठीच तर कार्ड आणलंय. तर म्हणाले, आईला सांगू नको, तिनं लई हौसेनं आणलंय. आणि ती चहा घेऊन आल्यावर पडदा झाकायचं बटण कोणतं ते विचारलं."

"डोळ्यांचं काही बोलले?"

"आई…"

"बोल."

"म्हणाले, कडा गेल्यात. मधलं तेवढं उरलंय. मी म्हटलं, मग आईला सांगा ना, डॉक्टरकडे नेईल. तर म्हणाले, तिला ठाऊक हाय. दवाखान्यातच तिच्या तोंडावरनं कळलं मला. ती सांगत न्हाई, तर मी कशाला सांगू. तिला वाटतंय मला ठाऊक न्हाई, तेवढंच तिला बरं."

मी फोन ठेवला. मला राग आला, मामा. पल्लवीचा नाही. तुमचा आला. मी खोटं बोलत होते ते तुम्ही दोन वर्षं ऐकून घेतलंत आणि वर थेंब टाकायला मान मागे करून बसत होता, रोज सकाळ-संध्याकाळ. मी वरून म्हणायचे, कोरडेपणा कमी झालाय बघा. तुम्ही हूं म्हणायचात. एकदा तरी म्हणायचं होतंत, शोभा, पुरे कर.

राग उतरायला वेळ लागला. मग मी तुमच्या खुर्चीत बसले आणि काही न बदलता बस सुरू केली. मला चालवता येत नाही, पण त्या रस्त्यावर धडकायलाही काही नव्हतं. कुणी समोरून येत नाही, कुणी थांब्यावर उभं नाही, गाव आलं तरी कळत नाही. तुम्ही बहुतेक मोजून थांबत असणार. अशा रस्त्याने तुम्ही एकटे रोज जात होता, लोहा लोहा ओरडत, आणि मी विटेच्या एका भिंतीपलीकडे होते.

मुजीबभाईला फोटो पाठवला नाही. विकायचं नाही म्हणून कळवलं.

तर सांगते आता. काचबिंदू होता, मामा. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरांनी त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सतरा दिवसांऐवजी महिनाभर बोलला नसता, इतकंच. मग कधीतरी बोलला असता. मी दुपारी पुढच्या खोलीत जाऊन झोपण्याऐवजी तुमच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसले असते. झाडं आहे तशी राहू दिली असती, ट्रकसुद्धा. तुम्ही समोर बघून चालवली असती आणि कडेचं मी सांगितलं असतं, डावीकडं बैलगाडी आहे, उजवीकडून ट्रक येतोय, थांब्यावर दोन बाया उभ्या आहेत. त्या उंटावर सुद्धा जमलं असतं ते. त्याला लातूरहून काही आणावं लागलं नसतं.